आरएक्स १०० ची रेस उतरत नाही? हवा कुठून शिरते ते आधी शोधा

गोव्यातल्या डिचोलीहून एकाने विचारलंय: वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १००, पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. चतुर्थीच्या तोंडावर बाहेर काढली. थंड असताना ठीक चालते, पण पाच-दहा मिनिटांत गरम झाली की रेस आपोआप चढते आणि मूठ सोडली तरी उतरत नाही. आयडलचा स्क्रू पूर्ण बाहेर काढून पाहिला, फरक नाही. दोन ठिकाणी कार्बोरेटर धुऊन झाला, तरी जैसे थे. आता कार्बोरेटरच नवा बसवावा का?

नको, इतक्यात नको. आणि कारण सापडेपर्यंत ही गाडी चालवूही नका, अगदी बाजारापर्यंतसुद्धा. चार-स्ट्रोक गाडीची रेस चढली तर ती त्रास देते. टू-स्ट्रोकची चढली तर बहुतेक वेळा इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असते. या इंजिनात क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला मिळणारं तेल पेट्रोलच्याच वाटेने येतं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की उष्णता वाढते, वंगण तिथे पुरत नाही, आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम होऊन मागचं चाक तिथल्या तिथे अडकतं. साखळी गावाहून चोर्ला घाट चढताना असं झालं तर काय होईल याची कल्पना करा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेला आहात: स्क्रू पूर्ण बाहेर काढला तरी फरक नाही. तो स्क्रू करतो काय, तर कार्बोरेटरमधली स्लाइड किंचित उचलून धरतो. त्या फटीतून जाणाऱ्या हवेवर इंजिन आयडलला चालतं. स्क्रू पूर्ण मागे घेतला की स्लाइड तळाला टेकते, फट मिटते आणि इंजिन बंद पडायलाच हवं. ते बंद पडत नसेल तर दोनच शक्यता उरतात. स्लाइड खरं तर तळाला पोचत नाही, किंवा हवा स्लाइडला वळसा घालून दुसऱ्याच वाटेने आत येते. पुढचं सगळं काम म्हणजे या दोन शक्यतांमधला फरक ओळखणं.

त्याआधी एक खुलासा, कारण बरेच जण दोन वेगळे आजार एकाच नावाने सांगतात. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस चढते, की चालवताना चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही? दुसरं असेल तर ती क्लच घसरण्याची तक्रार आहे. क्लचच्या केबलला थोडी ढील उरली आहे ना, क्लच प्लेट झिजल्यात का, गिअरबॉक्समध्ये कोणी कारचं तेल घातलंय का, तिथे शोधायचं. कार्बोरेटरला हात लावायचं कारण नाही. तुमची गाडी उभ्या उभ्याच चढते, म्हणजे हा प्रश्न हवेचाच.

आता स्लाइड. इंजिन बंद ठेवून टाकीचा कॉक बंद करा, एअर फिल्टरची रबरी नळी कार्बोरेटरवरून काढा आणि कान जवळ नेऊन मूठ पूर्ण पिळून झटक्यात सोडा. स्लाइड तळाला आपटल्याचा स्वच्छ ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. आवाज दबका आला, किंवा स्लाइड आळसावून खाली आली, तर केबलकडे वळा. आरएक्सची केबल मुठीपासून एकच निघते आणि वाटेत टाकीखाली तिचे दोन फाटे होतात: एक कार्बोरेटरला, दुसरा ऑटोल्यूबच्या, म्हणजे इंजिनाला आपोआप तेल पुरवणाऱ्या, तेलपंपाला. जिथे फाटे फुटतात ती छोटी नळकांडी डबी कोणी उघडून बघत नाही. चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत तिच्यात गंज आणि वाळलेल्या ग्रीसचा राळेसारखा थर साचतो, आतला सरकता तुकडा अर्ध्यावर अडकतो. ती डबी उघडा, रॉकेलने धुवा, पातळ तेल सोडा. तार उसवलेली दिसली तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता केबल बदला.

मग इंजिन चालू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवा. वळवताना रेस बदलली तर केबल ताणली जाते आहे. मुठीवर दोनेक मिलीमीटर तरी मोकळी ढील हवीच. नवीन ग्रिप घातली असेल तर ती आत सरकून स्विचच्या डबीला घासते का तेही बघा. गरम उन्हात रबर फुगतं आणि घासणं वाढतं, त्यामुळे ‘गरम झाल्यावरच होतं’ असा भास होतो.

कार्बोरेटर दोनदा धुतला गेलाय, म्हणजे दोनदा उघडला गेलाय. म्हणून स्लाइड उलटी बसलेली नाही ना हे डोळ्यांनी पाहून घ्या. स्लाइडच्या खालच्या कडेला एका बाजूने तिरपा काप असतो. तो काप एअर फिल्टरच्या बाजूला हवा, इंजिनच्या बाजूला नाही. कार्बोरेटरच्या आतली बारीक पिन स्लाइडच्या खाचेत बसते, पण जोर लावून उलटी ढकलणारे हात असतात. उलटी बसलेली स्लाइड आयडलच्या स्क्रूला जुमानत नाही आणि पहिल्या किकलाच रेस चढते. तुमची थंड असताना ठीक चालते, त्यामुळे हे असण्याची शक्यता कमी, पण बघायला दोन मिनिटं लागतात. त्याच वेळी चोकचा छोटा प्लंजर काढून त्याच्या टोकाचं रबर तपासा. ते कडक किंवा चिरलेलं असेल तर चोक बंद करूनही बंद होत नाही. पण तसं असेल तर धूर आणि पेट्रोलचा वास येतो, प्लग काळा होतो.

प्लगचा रंग तुम्ही लिहिला नाहीत. तोच मी सगळ्यात आधी पाहिला असता. गाडी चढत्या रेसवर असतानाच चावी बंद करा, आयडलला ठेवून नंतर नाही, आणि प्लग काढा. चॉकलेटी असेल तर मिश्रण बरोबर. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल, पोर्सिलीनवर बारीक चकाकणारे कण असतील, तर इंजिन हवा खातंय आणि ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात. पांढरा प्लग दिसला की किक मारणं थांबवा आणि गळती शोधायला बसा.

पेट्रोल कमी पडण्याचं एक साधं कारण आधी निकालात काढू. पायलट जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणारा पितळी तुकडा. त्याचं भोक इतकं बारीक असतं की उभ्या गाडीतलं पेट्रोल सुकून राहिलेला पिवळा चिकट थर त्याला पूर्ण किंवा अर्धं बुजवतो. अर्धं बुजलं की गाडी चालू होते, मुठीवर नीट चालते, फक्त मूठ सोडल्यावर रेस हळूहळू, रेंगाळत उतरते. ‘कार्बोरेटर धुतला’ याचा अर्थ पुष्कळदा बाहेरून पेट्रोल मारलं एवढाच असतो. जेट काढून उजेडासमोर धरा, पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. साफ करायला स्टीलची तार घालू नका, पितळ ओरखडतं आणि भोक मोठं होतं. गळाला लावतात ती बारीक तंगूस पुरते, मागून कॉम्प्रेसरची हवा.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी १९८५ ते १९९६ दरम्यान बनलेली, तेव्हा असं पेट्रोल कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अशा हवेत अर्धी टाकी चार महिने उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत पाण्याचे थेंब सापडतात. जुनं रबर या पेट्रोलने फुगतं किंवा ठिसूळ होतं. शिवाय त्याच जेटवर मिश्रण थोडं हलकं होतं, म्हणजे जी गाडी आधीच काठावर होती ती पलीकडे जाते. म्हणून उभं राहिलेलं पेट्रोल पूर्ण काढून टाका आणि ताजं भरा.

आणखी एक, खास पडवीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं. कुंभारीण माशी. कार्बोरेटरला ज्या बारीक नळ्या खाली लोंबत असतात, त्यातली एक फ्लोटच्या वाटीत हवा घेण्यासाठी असते. कुंभारणीला तेवढंच भोक हवं असतं, ती त्यात मातीचं घर बांधते. नळी बंद झाली की वाटीत पेट्रोल नीट उतरत नाही. नळ्या काढून फुंकून बघा. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोकही याच कारणाने बंद सापडतं.

हे सगळं ठीक निघालं, तर हवा स्लाइडच्या पुढे, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधून किंवा थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या कप्प्यात, शिरते आहे. माझा पहिला संशय कार्बोरेटरच्या पुढच्या रबरी जोडावर. तो बाहेरून धड दिसतो. काढून दोन्ही हातांनी पिळा, आतल्या घड्यांत चिरा उघडतात. थंड असताना त्या मिटलेल्या असतात, गरम झालं की रबर सैल पडून उघडतात. चिरेवर सिलिकॉन किंवा एमसील लावून काम भागवू नका. पेट्रोल त्याला सोडवतं आणि सुटलेला तुकडा इंजिनात जातो. जोड नवीन घ्या, त्यामागचं पॅकिंग नवीन घ्या, नट एकदम एकाच बाजूने न आवळता आळीपाळीने आवळा.

बाहेरच्या जोडांवरची गळती शोधायला साबणाचं पाणी फवारायच्या बाटलीत घ्या. इंजिन चढत्या रेसवर असताना एकेका जोडावर बारीक फवारा मारा: कार्बोरेटरचा जोड, रीड वाल्व्हचं (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेचं) पॅकिंग, ब्लॉकच्या तळाचं पॅकिंग. जिथे मारल्यावर रेस क्षणभर पडते किंवा बदलते, तिथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल मारतात. गरम सायलेन्सरच्या इतक्या जवळ पेट्रोल उडवणं म्हणजे गाडी पेटवणं. ते करू नका, कोणी करत असेल तर करू देऊ नका. ही चाचणी मिनिटभरात संपवा, कारण तेवढा वेळही इंजिन कोरडं चाललेलं असतं.

तुमची लक्षणं वाचून मला मात्र दुसरा संशय जास्त वाटतो: क्रँकचा ऑइल सील, तोही डाव्या, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावी लागते, कारण मिश्रण आधी तिथे ओढलं जातं आणि मग वर ढकललं जातं. क्रँकच्या दोन टोकांना दोन सील. उजवा फाटला तर तो क्लचच्या बाजूचं गिअर ऑइल ओढतो, मागून पांढरा दाट धूर निघतो, गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. हे कोणाच्याही लक्षात येतं. डावा फाटला तर तो फक्त हवा ओढतो. धूर नाही, तेल कमी होत नाही, बाहेर काही दिसत नाही. फक्त रेस चढते आणि प्लग पांढरा पडतो. थंड असताना चोकमुळे जास्त पेट्रोल मिळतं आणि दोष झाकला जातो. चोक काढला, इंजिन तापलं, की उघडा पडतो. तीस वर्षांचा सील उभ्या गाडीत सुकतो, त्याचा ओठ क्रँकला चिकटतो, आणि पहिल्या किकला फाटतो. पावसाळ्यानंतर येणाऱ्या आरएक्समध्ये हे फार दिसतं.

अंदाजाने इंजिन उघडण्यापेक्षा प्रेशर टेस्ट करा. यंत्र लागत नाही, घरातलं बीपीचं जुनं मशीन पुरतं, फुगा आणि काटा असलेलं. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्रा आवळा. पिस्टन खाली आणा, म्हणजे सगळी दारं उघडी राहून ब्लॉक आणि क्रँककेस एक होतात. प्लग जागेवर. कार्बोरेटर काढून त्या जोडात रबरी बूच बसवा, बुचातून बीपीच्या मशीनची नळी आत घ्या. ऑटोल्यूबची बारीक नळी उघडी राहिली असेल तर तीही बंद करा. आता फुगा दाबून काटा ३०० वर आणा. ३०० म्हणजे सहा पीएसआयच्या किंचित खाली, आणि इतकंच हवं. कॉम्प्रेसर लावण्याचा मोह टाळा, जास्त दाबाने चांगला सीलही जागेवरून बाहेर येतो.

काटा जागेवर थांबला, किंवा मिनिटाला ५० पेक्षा कमी उतरला, तर क्रँककेस ठीक. भराभर उतरला तर साबणाचं पाणी घेऊन बुडबुडे शोधा. आधी आपण लावलेलं बूच आणि पत्रा तपासा, निम्म्या वेळा गळती तिथेच असते. मग ब्लॉकचा तळ, क्रँककेसचा मधला जोड. मॅग्नेटचं कव्हर काढा, प्लेटच्या मागे, क्रँकभोवती पाणी सोडा. तिथे फेस आला तर डावा सील गेला. उजव्यासाठी गिअर ऑइलचं झाकण घट्ट लावून गिअरबॉक्सच्या ब्रीदर (हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवा. तिथून बुडबुडे आले तर उजवा.

डावा सील बदलायला इंजिन फोडावं लागत नाही. मॅग्नेट पुलरने काढा, हातोड्याने नाही. एका ठोक्यात क्रँक वाकडा होतो आणि नवीन सीलही टिकत नाही. जुना सील काढताना स्क्रूड्रायव्हर क्रँकवर घासू देऊ नका. एक ओरखडा पुरतो हवा आत यायला. नवीन सीलची स्प्रिंगची बाजू आत, क्रँककेसकडे; ओठाला थोडं ग्रीस. बसवण्याआधी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय आणि सील फक्त त्याचा बळी आहे. तेव्हा मात्र इंजिन उघडण्याला पर्याय नाही, आणि ते काम क्रँक नीट अलाइन करणाऱ्याच्याच हाती द्या. दोन्ही बेअरिंग, दोन्ही सील एकदमच बदला.

गाडी रस्त्यावर असताना रेस अडकली तर काय करायचं हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः वडील अजून चालवत असतील तर. क्लच दाबा, चावी बंद करा, कडेला घ्या. तापलेलं टू-स्ट्रोक कधीकधी चावी बंद करूनही चालत राहतं, कारण आतला कार्बन निखाऱ्यागत लाल झालेला असतो. तेव्हा गाडी उभी करून वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक घट्ट धरा आणि क्लच सोडा, इंजिन गप्प होतं. फेरीबोटीच्या रांगेत, उतारावर, पुढे माणसं उभी असताना अशी गाडी क्लचवर तोलून धरणं फार धोक्याचं आहे. तिथे इंजिन बंद करून ढकलत न्या.

तुमच्या शेजारच्या बुलेटचाही उल्लेख आहे पत्रात, म्हणून थोडक्यात. जुन्या प्लॅटिनम पॉइंटवाल्या बुलेटची रेस मूठ सोडल्यावर रेंगाळत असेल तर ऑटो ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी) वजनं गंजून उघड्याच राहिलीत का आणि त्यांच्या स्प्रिंगा सैल आहेत का ते पहा. दुसरं म्हणजे कार्बोरेटरचा फ्लँज, इंजिनाला जोडणारा त्याचा सपाट भाग. नट जोराने आवळून आवळून तो मधे वाकतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज घासा. मध्यभागी पेपर लागतच नसेल तर तो वाकलाय, सपाट होईपर्यंत घासा आणि ओ-रिंग नवीन टाका. स्प्लेंडरलाही याच जोडातली ओ-रिंग दगा देते. स्प्लेंडरची आयडल रेस १४०० च्या आसपास असते, त्याहून वर दिसली तर स्क्रू फिरवण्याआधी ती ओ-रिंग बघा.

परत तुमच्या गाडीकडे. गळती बंद झाल्यावर एअर स्क्रू हलकेच पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर घ्या. इंजिन गरम करा आणि तिथून थोडा आत-बाहेर करत जिथे रेस सगळ्यात सरळ चालते तिथे थांबा, मग आयडलचा स्क्रू लावा. या कार्बोरेटरमध्ये एअर स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, म्हणून शंका आली तर पाव फेरा आतच राहू द्या. केबलला हात लागलाय, म्हणजे तेलपंपाची खूणही पुन्हा जुळवायला हवी. ती चुकली तर रेस बरोबर येईल पण तेल कमी पडेल. तेलाच्या नळीत हवेचे बुडबुडे दिसले तर पंपाच्या स्क्रूतून ते काढेपर्यंत टाकीत थोडं टू-टी तेल मिसळून चालवा. कोणी आधीच पंप काढून टाकला असेल तर पेट्रोलमध्ये तेल किती घालता ते मला कळवा, कारण मग वरचं काही गणित बदलतं.

प्लगचा रंग आणि बीपीच्या काट्याने मिनिटभरात किती अंतर कापलं, एवढं लिहून पाठवा. ब्रीदरच्या पेल्यात बुडबुडे आले की नाही तेही. त्यावरून सील एकच मागवायचा की इंजिन उतरवायचं ते सांगता येईल. तोवर नवीन कार्बोरेटरवर पैसे घालू नका.